सुपडी

पाच पिल्लं होती, केळीच्या वाळल्या पानांवर,
मोटारीच्या खोलीमागं.
पंधरा दिवसांत चार गेली.
पोट डफासारखं, पाय काड्या,
आणि तोंडाला एक आंबूस वास.
चौथं मी कांदेबागेच्या शेवटच्या सरीत पुरलं.
फावडं धुताना प्रमिला म्हणाली,
हे पाचवं नाही जाऊ द्यायचं.

तिनं सूप काढलं. पिल्लू त्यात ठेवून
उंबऱ्यापासून उकिरड्यापर्यंत ओढत नेलं,
वत्सलाबाईला मूठभर ज्वारीत विकलं
आणि तासाभरानं परत मागून आणलं.
नाव सुपडी.
"आता नाई मरत हे. टाकलेल्या जिवाले कोन नेते?"

मी हसलो नाही.
माझ्या बापाचं नाव उखर्डू.
त्याच्या आधी तिघं झाली होती,
त्यांची बारशी व्हायची राहिली.
हा चौथा जगला, उकिरड्यावर ठेवून उचलला म्हणून.
शाळेत मास्तर हजेरी पूर्ण नावानं घ्यायचे,
मधुकर उखर्डू नेहते,
की मागच्या बाकावरून कुणीतरी तोंडानं खराटा मारायचं.
पतपेढीतल्या नोकरीच्या अर्जावर मी यू. लिहिलं.
तेच पुढं तीस वर्षं चाललं.

सावद्याच्या जनावरांच्या दवाखान्यात फिरके डॉक्टरीण
काचपट्टीवर काडीनं थोडं कालवत होत्या.
"बघा," म्हणाल्या.
एक डोळा मिटून वाकलो.
धण्यासारखी, गोल, जाड सालीची.
जिकडं पट्टी सरकवावी तिकडं धणेच.
किती असतील?
"इतकी दिसली की आम्ही मोजत नाही."

वजनकाटा बंद होता. समोरच्या केळी ग्रुपच्या काट्यावर
दोन घडांच्या मध्ये सुपडीला ठेवलं.
एक किलो चारशे.
हमाल म्हणाला, दांड्याची कट्टी धरू का, भाऊ?
पिवळं औषध, सुई काढलेली सिरिंज,
गालाच्या आतून हळूहळू.
निम्मं माझ्या मनगटावर आलं
म्हणून पुन्हा निम्मं.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंगणात
प्रमिलानं मशिनीवरच्या शेवया खाटेवर वाळत घातल्या होत्या,
आणि खाटेच्या पायाशी एक गुंडाळी.
तीही शेवयांचीच वाटली.
मग हलली.
आम्ही दोघं बराच वेळ एकमेकांशी बोललो नाही.
यंदाच्या सगळ्या शेवया भुसावळला, लेकीकडं पाठवल्या.
तिला अजून कारण माहीत नाही.

दुसऱ्या डोसाला आईलाही नेलं, काळीला, दोरीनं.
डॉक्टरीणबाई तिचं पोट चाचपत सांगत होत्या:
जंत हिच्या मांसात झोपून असतात, वर्षं न् वर्षं.
गाभण राहिली की जागे होतात.
पिल्लू जन्मायच्या आधीच पिल्लात जातात.
काही मागून, दुधातून.
काळी माझ्या चपलेला नाक लावून बसली होती.
शेवटच्या मेलेल्यालाही ती चाटत होती
अंग सुकेपर्यंत.
"हिचा काय दोष? हिला हिच्या आईनं दिले असतील."

आणि जपा, म्हणाल्या. नातवंडं असतील ना?
शी रोज उचला, लांब खड्ड्यात पुरा, हात धुवा.
अंडी मातीत टिकतात, ऊन-पाऊस काही बघत नाहीत.
उकिरड्यावर तर पोरांना पाऊलही ठेवू देऊ नका.

उकिरड्यावर.
मला ते तान्हं दिसलं, फडक्यातलं, शेणा-राखेच्या ढिगावर,
आणि चार पावलांवर तोंड फिरवून उभी असलेली बाई.
आधीच्या तिघांचं काय झालं?
पोटं फुगायची, एवढंच बाप सांगायचा.
त्याला तरी कुणी सांगितलं असेल.
काचपट्टी कुणी धरलीच नव्हती.

चिठ्ठी लिहायला घेतली.
प्राणी: कुत्री. नाव: सुपडी.
"मालक? पूर्ण नाव सांगा."
सांगितलं.
पेन थांबलं. "उखर्डू. डू दीर्घ ना?"
"दीर्घ," म्हणालो. "एक्क्याऐंशी वर्षं."
त्यांना कळलं नाही. त्यांनी दीर्घ लिहिलं.

टेबलाखाली सुपडीनं तोवर
माझ्या डाव्या चपलेचा अंगठा तोडला होता.